स्मरण, रंजन आणि चित्रकादंबरी

१

गेल्या हिवाळ्यात काही दिवस जयपूरला राहण्याचा योग आला. तटबंदीच्या आतल्या जुन्या शहरात, हस्तकलेच्या वस्तूंच्या एका दुकानात, लाल रंगाने माखलेली वीतभर उंचीची एक लाकडी पेटी पाहिली. पेटीला कवाडे होती. एक कवाड उघडले की त्याच्या आत दुसरे, दुसऱ्याच्या आत तिसरे, आणि प्रत्येक फळीवर चित्रे. राजस्थानातील ‘कावड’ ती हीच. चितोडगढ जिल्ह्यातील बस्सी या गावचे सुतार ती घडवितात आणि रंगवितात. कावडिया भाट ती खांद्यावर घेऊन यजमानांच्या गावी जातो, मोरपिसाने एकेक चित्र दाखवीत देवादिकांच्या आणि संतांच्या कथा सांगतो, आणि कथा सांगता सांगता यजमानाच्या पूर्वजांची नावेही उच्चारतो. देवांच्या रांगेत घरातील कर्त्यासवरत्या माणसांनाही जागा असते. ऐकणाऱ्याला स्वतःचे आजोबा-पणजोबा त्या पेटीत भेटतात, आणि सर्वांत आतले कवाड उघडले की गाभाऱ्यातील देव दिसतो.

दुकानातील कावडीत कवाडे होती, चित्रे होती, गाभाराही होता. फक्त ज्याच्या अंगणात ती उघडायची तो यजमान नव्हता. दिवाणखान्यात मांडण्यासाठी ती केलेली होती. कोणाच्याही आजोबांचे नाव तिला ठाऊक असण्याचे कारण नव्हते.

त्याच संध्याकाळी, ज्यांच्याकडे उतरलो होतो त्या घरातील मुलीने मला संगणकाच्या पडद्यावर आणखी एक पेटी उघडून दाखविली. ती माझ्या भाचीची मुलगी. आरेखनशास्त्राची विद्यार्थिनी आहे. पडद्यावर एक खोली होती, खिडकीबाहेर पाऊस होता, खाली चौकटीत दोन-तीन ओळींचा मजकूर होता. बोट दाबले की पुढची ओळ, पुन्हा दाबले की पुढचे चित्र. मी कोठे दाबायचे म्हणून चाचपडत होतो, तेव्हा ती म्हणाली, “आजोबा, घाई करू नका, यात हरायचं नसतं.” हा वाङ्मयप्रकार ‘व्हिज्युअल नॉव्हेल’ या नावाने ओळखला जातो. आपण त्याला चित्रकादंबरी म्हणू. त्यातही तासा-दोन तासांत संपणारी, मनाला विसावा देणारी, हरवलेले घर आणि बालपण हाच विषय असलेली चित्रकादंबरी आजच्या तरुण वाचकांना विशेष प्रिय आहे, असे तिच्याकडून कळले.

दोन पेट्या एकाच दिवशी पाहिल्यामुळे एक प्रश्न मनात राहिला. बालपणाच्या आठवणींची ही नवी पेटी यजमानाच्या अंगणात उघडणारी आहे, की दुकानात मांडलेली? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे. तो करताना मला माझा एक जुना पूर्वग्रहही तपासावा लागणार आहे, हे आधीच सांगितलेले बरे. वर्गात शिकविताना ‘हे केवळ स्मरणरंजन आहे’ असे म्हणून मी पुष्कळ लेखन वर्षानुवर्षे एका वाक्यात निकालात काढले आहे.

२

प्रथम या प्रकाराचा घाट लक्षात घेऊ. चित्रकादंबरीत तीन घटक असतात : स्थळाचे चित्र, पात्राचे चित्र आणि चौकटीत अक्षर-अक्षर उमटणारा मजकूर. संगीत हा चौथा घटक, पण तो बहुधा पार्श्वभूमीलाच राहतो. वाचकाच्या हाती मजकूर पुढे नेण्याचा अधिकार असतो आणि काही ठिकाणी दोन-तीन पर्यायांतून एकाची निवड करण्याचाही. या प्रकाराची घडण मुख्यतः जपानमध्ये झाली. युजी होरी यांच्या १९८३च्या, एका खुनाच्या तपासावर आधारलेल्या खेळाकडे त्याच्या पूर्वरूपांपैकी एक म्हणून पाहिले जाते. १९९२ साली चुनसॉफ्ट या संस्थेने ‘ओतोगिरिसो’ ही ‘ध्वनी-कादंबरी’ काढली आणि मजकूर वाचणे हीच मुख्य कृती असलेला खेळ रूढ झाला. पुढे या प्रकाराच्या सीमा सैल झाल्या. चालणे, वस्तू हाताळणे, स्वयंपाक करणे अशा लहान कृतीही त्यात आल्या. प्रस्तुत लेखात ‘चित्रकादंबरी’ ही संज्ञा याच व्यापक अर्थाने वापरली आहे.

असे काही नवे समोर आले की ते आपल्याकडे पूर्वीच होते, असे सिद्ध करण्याची आपल्याला सवय आहे. तो मोह येथे टाळला पाहिजे. राजस्थानातील पाबूजीचा फड, कावड, आपल्याकडील कुडाळजवळच्या पिंगुळीचे चित्रकथी यांचा या जपानी प्रकाराशी वंशसंबंध नाही. परंतु तुलनेला ते उपयोगी आहेत, कारण चित्र आणि शब्द यांना जोडणारा कोणीतरी लागतो, हे तिन्ही परंपरा जाणतात. भोपा रात्री दिव्याच्या उजेडात फडाचा हवा तो भाग दाखवीत गातो. पिंगुळीच्या ठाकर समाजातील चित्रकथी पोथीतील एकेक चित्र पुढे करीत आख्यान लावतो. ही परंपरा जतन करणाऱ्या परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. या सर्वांत चित्र उलटणारा हात सांगणाऱ्याचा आहे आणि ऐकणारे अनेक आहेत. चित्रकादंबरीत चित्र उलटणारा हात वाचकाचाच आहे आणि वाचक एकटा आहे. सांगणारा समोर नाही. आठवण कोणाची आणि ती कोणासाठी सांगितली जात आहे, हे ठरविण्याची जबाबदारी त्यामुळे पूर्णपणे रचनेवर येऊन पडते.

३

‘नॉस्टॅल्जिया’ हा शब्द कवीने नव्हे, वैद्याने घडविला. १६८८ साली बाझल येथे योहानेस होफर या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने आपल्या प्रबंधात, मायदेशापासून दूर असलेल्या स्विस माणसांना जडणाऱ्या व्याधीसाठी दोन ग्रीक शब्द जोडले. एकाचा अर्थ घरी परतणे, दुसऱ्याचा अर्थ वेदना. मराठीत यासाठी दोन शब्द रूढ आहेत. ‘गतकातरता’ हा त्यांतील एक. त्यात ‘कातर’ आहे, म्हणजे वेदनेची खूण शिल्लक आहे. परंतु अधिक प्रचारात आहे तो ‘स्मरणरंजन’ हा शब्द. ग्रीक शब्दातील वेदनेच्या जागी मराठीने रंजन आणून बसविले. ही केवळ पारिभाषिक योगायोगाची बाब मला वाटत नाही. आपल्या वाङ्मयव्यवहारात आठवणींचे जे झाले, त्याचे ते नेमके वर्णन आहे. जुना वाडा, आजीची पैठणी, दगडी पाटी, आंब्याची अढी, चिमणीचा उजेड या वस्तूंची यादी केली की लेख झाला, असा एक संकेत दिवाळी अंकांतून रूढ झाला. या वस्तू कोणाच्याही असू शकतात, म्हणून त्या सर्वांना आवडतात, आणि त्याच कारणाने त्या कोणाच्याच नसतात.

हा दोष केवळ अभिरुचीचा नाही, रचनेचाही आहे. त्याचे निदान करायला आपली जुनी रसव्यवस्था अजून उपयोगी पडते. भरताने ‘स्मृती’ची गणना तेहतीस व्यभिचारी भावांत केली आहे. रती, शोक, उत्साह हे स्थायी. स्मृती ही येणारी-जाणारी. ती स्थायी भावाला पुष्ट करते, पण स्वतः स्थायी होऊ शकत नाही. ‘शाकुंतला’त अंगठी पाहून दुष्यन्ताला सारे आठवते. त्या आठवण्याचे मोल त्यातून उसळणाऱ्या रतीत आणि पश्चात्तापात आहे, निव्वळ आठवण्यात नाही. मला वाटते, स्मरणरंजनाचे वाङ्मय फसते ते येथे. ते व्यभिचारी भावाला स्थायी भावाच्या आसनावर बसविते. आठवणे हेच तेथे साध्य होते. ‘आठवून काय झाले?’ असा प्रश्न त्या लेखनाला विचारता येत नाही, कारण त्याचे उत्तर ‘बरे वाटले’ एवढेच असते.

तेव्हा बालपणाविषयीच्या कोणत्याही कलाकृतीला, मग ती कागदावर असो वा पडद्यावर, एक प्रश्न विचारला पाहिजे : येथे स्मृती कोणत्या भावाची सेवा करीत आहे?

४

मराठीत या प्रश्नाची फार चांगली उत्तरे आहेत, आणि ती हाताशी असल्याशिवाय नव्या प्रकाराचे मूल्यमापन करता येणार नाही. लक्ष्मीबाई टिळकांनी १९३४पासून भागशः प्रसिद्ध झालेल्या आपल्या आत्मकथनाला ‘स्मृतिचित्रे’ असे नाव दिले. वडिलांच्या सोवळ्याच्या वेडापायी साऱ्या घराने जे सोसले ते त्या सांगतात. या अनुभवद्रव्यातून रडगाणे सहज झाले असते, तसेच गोड गोड आठवणींची माळही झाली असती. लक्ष्मीबाई दोन्ही टाळतात. त्या हसतात, आणि त्या हसण्यात ना सूड आहे, ना सारवासारव. त्यांच्या चित्रांत वस्तू थोड्या आणि माणसे पुष्कळ आहेत, आणि प्रत्येक माणूस आठवणाऱ्या बाईपेक्षा वेगळ्या मनाचा आहे. त्यांची स्मृती लेखिकेच्या सोयीने वागत नाही, ती तिला अडविते.

साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिली. तिच्या भावविवशतेविषयी समीक्षेने पुष्कळ लिहिले आहे आणि ते सर्वस्वी चुकीचे नाही. परंतु रचनेकडे पाहिले तर दोन गोष्टी दिसतात. ही कथा रात्रीमागून रात्र, समोर बसलेल्या मित्रांना सांगितली जाते. म्हणजे आठवणीला श्रोता आहे. आणि लिहिणारा बंदिवासात आहे. आईने काय शिकविले हे आठवण्यामागे, आज आपण कसे वागावयाचे हा त्याचा निकडीचा प्रश्न आहे. स्मरणाचे मोल बरेचसे स्मरण करणाऱ्याच्या वर्तमानावर अवलंबून असते, याचे हे उदाहरण आहे.

तिसरे उदाहरण सीमाभागातील, आणि माझ्या मते या बाबतीत सर्वांत महत्त्वाचे. प्रकाश नारायण संत यांच्या ‘वनवास’ (१९९४), ‘शारदा संगीत’ (१९९७), ‘पंखा’ (२००१) आणि ‘झुंबर’ या संग्रहांतील लंपन आजी-आजोबांकडे राहतो. त्याच्या बोलीत बेळगावकडच्या मराठीचा कानडी हेल आहे. या कथांत ‘ते दिवस गेले’ म्हणून सुस्कारा टाकणारा प्रौढ निवेदक नाही. लंपनला हे ठाऊकच नाही की हे त्याचे ‘बालपण’ आहे. त्याच्या दृष्टीने ते चालू आयुष्य आहे, त्यात भीती आहे, अपमान आहे, आणि नाव न देता येणारी ओढ आहे. निरोप घेणाऱ्याची नजर काढून घेतल्यामुळेच वाचकाला त्या काळाचे गेलेपण तीव्रतेने जाणवते. प्रौढाने बालपणाकडे कसे पाहावे याचा हा आदर्श नव्हे. प्रौढाने बाजूला कधी व्हावे याचा तो आहे.

५

आता पडद्याकडे वळू. गोव्यात राहून काम करणारे अरमान संधू यांनी ‘फ्रॉस्टवुड इंटरॅक्टिव्ह’ या आपल्या छोट्या संस्थेतर्फे २०२१ साली ‘फॉरगॉटन फील्ड्स’ हा खेळ प्रसिद्ध केला. काटेकोर अर्थाने ती चित्रकादंबरी नाही, कारण यात नायकाला हिंडविता-फिरविता येते. पण वाचणे आणि संवाद हाच तिचा गाभा आहे. सिद नावाच्या लेखकाचे लेखन अडले आहे. ठरलेल्या मुदतीत त्याला काहीतरी लिहून द्यावयाचे आहे, आणि त्याच वेळी बालपणीच्या घराला शेवटची भेट द्यावयाची आहे. त्या घरी जाणे, जुन्या माणसांना भेटणे, बोलणे, आणि मध्येमध्ये त्याच्या मनातील कल्पित कथेच्या जगात जाणे, असे तिचे स्वरूप आहे.

या कृतीचे बलस्थान तिच्या संथपणात आहे. लहानसहान कामे वाचकाला स्वतः करावी लागतात, आणि ती करताना घराचा भूगोल हाताला कळतो. कादंबरीतील वर्णन आपण डोळ्यांखालून घालतो. येथे दारापर्यंत जावे लागते. घराची आठवण ही पुष्कळदा अंतरांची आठवण असते, चुलीपासून उंबऱ्यापर्यंत किती पावले, अंथरुणापासून खिडकी किती दूर. ही शरीराची स्मृती पकडण्याचे सामर्थ्य या माध्यमात आहे आणि ते शब्दांत क्वचितच येते, हे मान्य करावे लागेल.

आपली कसोटीही ती बऱ्याच अंशी उतरते. येथे आठवणे हे साध्य नाही. मुदत डोक्यावर आहे आणि निरोप घ्यावयाचा आहे. परंतु याच ठिकाणी तिची मर्यादाही आहे. सिदला बालपण हवे आहे ते त्याचे अडलेले लेखन सुटावे म्हणून. आठवण ही त्याच्या कामाची सामग्री होते, आणि जी आठवण उपयोगी पडते ती तितक्या प्रमाणात सौम्य होते. शिवाय कृतीची भाषा इंग्रजी आहे. इंग्रजीत लिहिणे हा काही अपराध नव्हे. पण बालपणाला भाषा असते. लंपनचे जग त्याच्या शब्दांपासून वेगळे काढता येत नाही. समुद्राकाठचे घर जगातील कोणत्याही वाचकाला आपले वाटावे म्हणून त्याची बोली बाजूला ठेवली, की ते घर सर्वांना उघडते खरे, पण त्यातील यजमानाचे नाव पुसट होते. ही टीका एका कृतीवर नाही. जगाच्या बाजारात जाणाऱ्या प्रत्येक आठवणीपुढे हा पेच आहे.

६

विसावा देणाऱ्या या प्रकाराचा मोह कोठवर जाऊ शकतो, हे त्याच प्रकारातील एका कृतीने आधीच दाखवून दिले आहे. कॅनडातील कॅन गाओ यांची ‘टू द मून’ ही २०११ सालची कथा अशी आहे : एका मरणासन्न वृद्धाची चंद्रावर जाण्याची इच्छा आहे, पण ती का आहे हे त्यालाच ठाऊक नाही. दोन वैद्यक-तंत्रज्ञ त्याच्या स्मृतीत उलटे चालत जातात. वाटेत सापडणाऱ्या लहान वस्तू हीच त्यांची पायवाट. बालपणापाशी पोचल्यावर त्यांना एक रिकामी जागा लागते, आणि त्या जागेत एक असह्य दुःख गाडलेले असते. त्याची इच्छा पुरविण्यासाठी त्यांना त्याच्या आठवणीच बदलाव्या लागणार असतात, आणि ते करावे की नाही यावरून त्या दोघांत मतभेद होतात.

मला ही कथा म्हणजे स्मरणरंजनावरील टीकालेखच वाटते. स्मरण काढून तेथे रंजन बसवावयाचे, आणि तेही करुणेपोटी. मरणाऱ्या माणसाला सुख द्यावे की त्याचे आयुष्य त्याचे त्याच्यापाशी राहू द्यावे? वाचकाला पर्याय देणाऱ्या माध्यमात हा प्रश्न अधिक बोचरा होतो. चित्रकादंबरीत मागे जाऊन वेगळा पर्याय निवडता येतो. स्मृतीत तसे करता येत नाही, आणि ज्याला ते करता येते असे वाटते, त्याची आठवण तेव्हाच कल्पनेत विरघळू लागलेली असते.

ज्या कृतीने माझा पूर्वग्रह खऱ्या अर्थाने हलविला ती म्हणजे ‘वेण्बा’. टोरोंटो येथील ‘विसई गेम्स’ या संस्थेने ती २०२३ साली प्रसिद्ध केली. वेण्बा हे नायिकेचे नाव, आणि ते एका प्राचीन तमिळ छंदाचेही नाव आहे. ‘तिरुक्कुरळ’ची द्विपदी त्याच छंदाच्या कुळातली. कॅनडात राहणारे वेण्बा आणि पावलन हे जोडपे आणि त्यांचा मुलगा कविन यांची ही गोष्ट तासा-दीड तासात संपते. तिची रचना साधी आहे. वेण्बापाशी तिच्या आईची पाककृतींची वही आहे. वही जीर्ण झाली आहे, शाई पुसली आहे, काही ओळी गेल्या आहेत. प्रत्येक प्रकरणात एक पदार्थ करावयाचा असतो आणि वहीत न उरलेला भाग वाचकाला शोधून काढावा लागतो. इडलीपात्राच्या थाळ्या कशा रचल्या म्हणजे वाफ सर्व इडल्यांपर्यंत जाईल, येथून आरंभ होतो.

चुकले तर पुन्हा करता येते. येथेही हरायचे नसते. पण या विसाव्याच्या पोटात काय आहे ते पाहण्यासारखे आहे. आठवण येथे पूर्ण स्वरूपात मिळतच नाही. ती फाटकी मिळते, आणि फाटलेला भाग हाताने भरून काढावा लागतो. कमलाबाई ओगल्यांच्या १९७०च्या ‘रुचिरे’ने वाटी-चमच्याच्या मापाने मराठी मुलींना परगावी, परदेशी स्वयंपाक शिकविला. छापील पुस्तकाचा तो मोठा उपकार आहे. परंतु आईच्या हातची वही वेगळी. तिच्यात ‘अंदाजाने’ असे लिहिलेले असते, आणि तो अंदाज आईबरोबरच जातो. ‘वेण्बा’ या ‘अंदाजा’विषयी आहे. मुलगा मोठा होतो, त्याला शाळेतल्या इतर मुलांसारखे जेवण हवे असते, घरची भाषा त्याच्या तोंडून हळूहळू सुटते. पुढे तीच वही त्याच्या हाती येते तेव्हा अडचण केवळ पुसलेल्या शाईची राहत नाही, ती लिपीही आता त्याला धड वाचता येत नाही. एकाच वस्तूचे दोन पिढ्यांतील दोन प्रकारचे दुर्बोधपण असे समोर ठेवणे, हे उत्तम कथाकाराचे काम आहे.

येथे स्मृती कोणाची सेवा करते? वात्सल्याची, आणि अखेरीस शोकाची. शेवटाकडे आई भारतात परतलेली असते आणि मुलगा तिच्याकडे येतो. समेट होतो, पण मधली वर्षे परत मिळत नाहीत. कृती ती परत देण्याचे आश्वासनही देत नाही. तिची भाषा इंग्रजी असली तरी तमिळ शब्द, तमिळ पदार्थ, तमिळ गाणी यांना तिने जागचे हलविलेले नाही. ज्याला तमिळ येत नाही असा माझ्यासारखा वाचकही म्हणून बाहेर राहत नाही. उलट काही कळत नाही अशी जागा लागली की तो कविनच्या जागी उभा राहतो. यजमानाचे नाव स्पष्ट उच्चारले गेले, की परक्या श्रोत्यालाही स्वतःच्या आजीचे नाव आठवते. नाव गाळल्याने ते साधत नाही.

७

या सगळ्यातून विद्यार्थ्यांनी आणि ग्रंथालयांनी काय घ्यावे?

चित्रकादंबरीला ‘खेळ’ म्हणून बाजूला सारणे यापुढे योग्य होणार नाही. तिच्यात निवेदन आहे, पात्रे आहेत, काळाची रचना आहे, आणि मौनाचा वापरही आहे. तिचे वाचन वाङ्मयीन निकषांनी करता येते आणि करावे. मात्र ती नवी आहे एवढ्यावरून तिला सूट देण्याचे कारण नाही. दिवाळी अंकातील लेखाला जो प्रश्न विचारावयाचा तोच तिलाही विचारावा. अभ्यासक्रमात ‘स्मृतिचित्रे’ किंवा ‘वनवास’ असेल, तेथे एखादी अशी कृती शेजारी ठेवून पाहिली तर दोन्हींचा आस्वाद अधिक डोळस होईल, असे मला वाटते. मराठी बालपणाची, मराठी बोलीतील अशी एक कृती कोणी करील तर तिच्यासाठी सामग्रीचा तोटा नाही. बेळगाव, वेंगुर्ले, बडोदे, टोरोंटो, जेथे जेथे मराठी घरे उठली वा वसली, तेथे पुसट शाईच्या वह्या आहेत.

दुसरी गोष्ट जतनाची. पाबूजीचा फड जीर्ण झाला की भोपे तो पुष्करच्या पाण्यात विसर्जित करतात. त्याला ‘थंडा करणे’ म्हणतात. तो विधी आहे, म्हणजे काय गेले याची नोंद आहे. पडद्यावरील कृतींना असे मरण लाभत नाही. यंत्र बदलते, प्रणाली बदलते, आणि कालपर्यंत उघडणारी पेटी आज उघडत नाही. १९३४चे ‘स्मृतिचित्रे’ कोणत्याही ग्रंथालयात आजही काढून वाचता येते. २०२१ची कृती पन्नास वर्षांनी वाचता येईल काय, याचा विचार ग्रंथपालांनी आतापासून केला पाहिजे. आठवणींविषयीच्या कृती आपणच विसरून जाव्यात, हे शोभणारे नाही.

आणि माझ्या पूर्वग्रहाविषयी. स्मरणरंजन हा शब्द मी वर्गात निंदेच्या अर्थाने वापरीत आलो. आजही रिकाम्या वस्तूंच्या यादीला मी तोच शब्द वापरीन. परंतु रंजनाला, विसाव्याला, मी जो सरसकट कमी लेखत होतो, तो माझा उतावीळपणा होता. दुःखापाशी जायला काही वेळा माणसाला आधी स्वस्थ बसवावे लागते. कावडिया भाटसुद्धा पहिल्याच कवाडात मृतांची नावे घेत नाही. तो आधी देवांच्या गोष्टी सांगतो, श्रोता सैल होतो, आणि मग आतल्या एखाद्या कवाडावर मोरपीस ठेवून तो म्हणतो, हे तुझे आजोबा.

जयपूरहून निघताना मी ती दुकानातील कावड विकत घेतली. मुलीने विचारले, “यात कोणाची चित्रं आहेत, आजोबा?” कोणाचीच नाहीत, असे उत्तर ओठांवर होते. ते मागे घेऊन तिला मी माझ्या आईची एक गोष्ट सांगितली. घरी आल्यावर तिची हस्ताक्षरातील वही शोधली. काही पाने चिकटली आहेत, आणि तिळाच्या वड्यांच्या पाकापुढे तिने ‘अंदाजाने’ एवढेच लिहिले आहे.